धाब्याच्या घरांची डागडुजी व गावच्या कारागिरांचे शिक्षण

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. याच जिल्ह्यात पश्चिमेस भोर व मुळशी या डोंगरी तालुक्यांत मुसळधार पावसामुळे घरांवर उतरते कौलारू छप्पर असते. आपल्याकडे पाऊस थोडा व ऊन अधिक; म्हणून येथील पूर्वजांनी सपाट, जाड, मातीचे छप्पर पसंत केले. यालाच आपण धाबे किंवा माळवद म्हणतो. कडक उन्हाळ्यात दुपारी अशा घरात शिरताच जो गारवा लाभतो, त्याचा अनुभव प्रत्येक शेतकरी बंधूने घेतलेला आहे.

असे असूनही गेल्या काही वर्षांत धाब्याची घरे झपाट्याने मोडली जात आहेत. छप्पर गळू लागले की मालक माती उतरवितो, सागवानी तुळया व खांब विकतो आणि त्याच भिंतींवर पत्रा घालतो. कारण विचारल्यास बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : धाबे दुरुस्त करणारा माणूस राहिला नाही. नीरा डाव्या कालव्याच्या काठी नव्या बंगल्यांचे काम करणारे गवंडी हवे तितके आहेत. परंतु सळई, सिमेंट व सेंट्रिंग एवढेच काम त्यांनी केलेले असल्यामुळे मातीच्या कामास ते हात लावीत नाहीत. ज्यांना ते काम येते त्यांचे वय झाले आहे. प्रस्तुत लेखात धाब्याच्या घराची शास्त्रशुद्ध डागडुजी कशी करावी व ती करणारे कारागीर गावातच कसे तयार करावेत, याचा विचार केला आहे.

घराचा विषय शेतीच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. शेतकऱ्याच्या घरात माणसांबरोबर बियाणे राहते, ज्वारी-गव्हाची साठवण होते आणि पडवीत किंवा शेजारच्या गोठ्यात जनावरे असतात. संकरित गाईंना २५ ते २७ अंशांपुढील उष्णता सोसत नाही. त्यांची धाप वाढते, वैरण कमी खाल्ली जाते व दूध घटते. बारामतीच्या दुग्धव्यवसायात पत्र्याचा बुटका गोठा हे उन्हाळी नुकसानीचे एक ठळक कारण आहे. त्यात पंखे व कूलर यांचे वीजबिल मिळविले म्हणजे घराचा हिशेब शेतीच्या हिशेबापासून वेगळा राहत नाही.

धाबे गार का राहते

पत्रा अत्यंत पातळ असतो. ऊन पडताच तो तापतो व तीच उष्णता खाली फेकतो. चार-पाच इंचांचा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब दुपारपर्यंत तापतो आणि सायंकाळी, माणसे घरात येण्याच्या वेळी, उष्णता आत सोडू लागतो. मातीच्या जाड थरातून उष्णता फार सावकाश उतरते. एक फूट जाडीच्या थरातून दुपारच्या उन्हाची धग आतल्या बाजूस पोचण्यास सुमारे आठ तास लागतात. तोपर्यंत रात्र झालेली असते व बाहेरचा वारा थंड झालेला असतो. रात्री दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यास भिंती व छप्पर दोन्ही निवतात. उन्हाळ्यात माळवदावर निजण्याची आपली जुनी रीत याच हिशेबात बसते.

या तत्त्वाचा उपयोग थंड प्रदेशातही होतो. लडाखमधील घरांचीही छपरे सपाट व मातीची असतात. तेथे स्थानिक गवंडी व सुतारांना शिकवून दक्षिणेकडील भिंतीवर ऊन साठवावे, छपरात व भिंतीत गवताचे अस्तर घालावे आणि सरपण वाचवावे, असे काम काही संस्थांनी चांगले केले आहे. तेथे ऊब राखावयाची असते, आपल्याकडे गारवा. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आढळते. बाहेरून आणलेला अभियंता निघून जातो. गावात राहतो तो कारागीर. म्हणून विद्या त्याच्याच हातात द्यावी लागते.

किल्लारीचा धडा

धाब्याचे गुण सांगताना त्याचा दोष लपविणे योग्य नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची व वर मातीच्या धाब्याची होती, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याच घरांसारखी. भिंतींना आतले व बाहेरचे अशी दगडांची दोन तोंडे, मध्ये गोटे व चिखल भरलेला. दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसताच भिंती फुगून फुटल्या आणि छपरावरील एक ते दोन फूट, काही ठिकाणी त्याहूनही अधिक मातीचा भार खाली आला.

छप्पर एवढे जाड कसे झाले, हे समजणे अगत्याचे आहे. बांधतेवेळी ते तसे नव्हते. दरवर्षी मृगापूर्वी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती पसरली जाते. जुनी कोणी काढीत नाही. २५ फूट लांब व १० फूट रुंद अशा खोलीवर एक इंच माती घातली की सुमारे एक टन भार वाढतो. बारा वर्षांत एक फूट व बारा टन! दोन फुटांचे धाबे म्हणजे उसाने भरलेल्या जवळजवळ दोन ट्रॉल्या डोक्यावर घेऊन निजण्यासारखे आहे. पाऊस मुरला की हा भार आणखी वाढतो, आणि पुढे भूकंप नसतानाही कुजलेली कडी मोडून अपघात होतो. प्रत्येक मोठ्या पावसाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो.

कोयनानगरचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. २००२ व २०१६ च्या भारतीय मानकांतील नकाशात पुणे जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात दाखविला होता. म्हणजे धोका मध्यम, नसलेला नव्हे.

इंदापूर तालुक्यातील एका गावी धाब्याच्या दुरुस्तीचे काम चालू असताना तेथील वयोवृद्ध गवंड्यांना मी विचारले, "बाबा, धाब्याच्या कामात अवघड काय?" ते म्हणाले, "साहेब, माती घालायला कुणीबी येतंय. काढायला माणूस लागतो." सारी विद्या या उत्तरात आहे असे माझे मत आहे. गारव्याला सहा-आठ इंच माती पुरते. त्यावरचा प्रत्येक इंच गळतीच्या भीतीने घातलेला असतो. पाणी अडविण्याची दुसरी सोय केली तर तो काढून टाकता येतो, आणि घर गारही राहते व निर्धोकही होते.

छप्पर उतरविणे व पुन्हा घालणे

हे काम रब्बीची काढणी आटोपल्यावर, फाल्गुन-चैत्रात घ्यावे. वळवाचा पाऊस येण्यापूर्वी ते पुरे झाले पाहिजे. आरंभी घर रिकामे करावे व आतून तुळयांना टेकू द्यावेत. माती एका बाजूने सरसकट ओढू नये. मधोमध प्रारंभ करून दोन्ही अंगांनी सारख्या प्रमाणात उतरवावी. काढलेल्या मातीचा ढीग छपराच्याच एका कोपऱ्यावर लावण्याची चूक नवे मजूर हमखास करतात. माती लगेच खाली गेली पाहिजे. ती टाकाऊ नसते; चाळून पुन्हा वापरता येते.

लाकूड उघडे पडले की सुताराने प्रत्येक कडी व तुळई टोकदार सळईने टोचून पाहावी. कडीचे भिंतीत गेलेले टोक सर्वांत आधी कुजते, कारण तेथे ओल मुरते व वारा लागत नाही. सळई सहज आत गेली तर ते टोक गेले असे समजावे. संपूर्ण कडी बदलण्याची गरज नेहमीच नसते. खराब भाग कापून बाजूस चांगल्या लाकडाची जोड बोल्टने आवळावी आणि खाली भिंतीलगत आडवा आधार द्यावा. वाळवी असल्यास बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणाचे दोन हात द्यावेत. पूर्वी बिब्याचे तेल लावीत. ते गुणकारी असले तरी बिबा अंगावर उततो, त्यामुळे नवशिक्या हातात ते देऊ नये. खांब व तुळई जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंस तिरपे आधार ठोकावेत. हादऱ्यात लाकडी सांगाडा उभा राहिला तर भिंत बाहेर पडूनही माणूस वाचू शकतो.

कड्यांवर किलच म्हणजे लाकडी चिपा बसवून त्यावर तुराट्या किंवा निरगुडीच्या फोकांचा दोन-तीन इंचांचा दाबलेला थर द्यावा. हा थर पोकळ असल्यामुळे उष्णता अडविण्याचे मोठे काम करतो; आपल्याकडे तूर होते, तेव्हा खर्चही नाही. त्यावर एक इंच बारीक चाळलेल्या मातीचा ओला हात फिरवून सपाटी करावी. ती वाळल्यावर शेततळ्याच्या अस्तरीकरणासाठी वापरतात ते ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिक अंथरावे. शेततळे केलेल्या शेतकऱ्यांकडे याचे उरलेले तुकडे बहुधा पडलेले असतात. तुकडे जोडावयाचे असल्यास एक फूट एकमेकांवर यावेत, आणि चढाकडील तुकडा उताराकडील तुकड्याच्या वर यावा, कौले घालतो त्याप्रमाणे. कडेच्या भिंतीवर प्लॅस्टिक वर वळवून घ्यावे व पन्हाळीत खाली सोडावे. खडा, काटा किंवा फोकाचे टोक वर राहिल्यास सारे काम फुकट जाते. यासाठी अनवाणी चालून पायाने चाचपून पाहावे.

प्लॅस्टिकवर पांढरी माती घालून चोपणीने चोपावी. १० फुटांत ४ इंच उतार ठेवावा. मागच्या बाजूस ८ इंच व पन्हाळीपाशी ४ इंच अशी जाडी आली म्हणजे सरासरी ६ इंच होतात. आता पाणी प्लॅस्टिक अडविते, माती ऊन अडविते. यापुढे दरवर्षी माती घालावयाची नाही, फक्त झीज झाली असेल तेथे तेवढी भरावयाची, हे घरमालकास स्पष्ट बजावावे. शक्य असल्यास कडेच्या भिंतीवर आतून एक रेघ मारून ठेवावी व रेघेच्या वर माती नेऊ नये असे सांगावे.

माती कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. काळी माती ओलीत फुगते व वाळताना भेगाळते, म्हणून ती पिकाला उत्तम व छपराला निरुपयोगी. शेताला काळी व गावाला पांढरी म्हणण्याची आपली रीत या बाबतीतही खरी ठरते. जुन्या गावठाणाची पांढरी माती चुनखडीयुक्त व कमी चिकट असते. ती पारखण्यासाठी ओल्या मातीची हातभर लांब, इंचभर जाड वडी करून सावलीत आठवडाभर वाळवावी. बोटभर भेग पडली तर तीत वाळू किंवा मुरमाची चाळ मिसळावी. हाताने चुरली तर थोडी चिकण माती वाढवावी. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. गावच्या पांढरीचे टेकाड वाटेल तसे खणू नये. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरे व धान्याच्या साठवणीची पेवे सापडली, ती अशाच टेकाडात. जुन्या छपराची उतरविलेली माती बहुधा पुरेशी होते.

पृष्ठभाग पावसाने धुपू नये म्हणून रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबरमिश्रित मातीचा गिलावा सुचविला आहे. माती व तिच्या तिसऱ्या हिश्शाइतका गव्हाचा भुसा कालवून आठवडाभर ओला ठेवावा व रोज तुडवावा. मग दीड किलो डांबर १५ ग्रॅम मेणासह वितळवून ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ओतावे. होणारे सुमारे १.८ किलो मिश्रण ३० लिटर गाऱ्यास पुरते. डांबर वितळविण्याची चूल व रॉकेलचे भांडे एकमेकांपासून दूर असावे आणि ओतण्याचे काम विस्तवापासून लांब करावे. हा गिलावा लागल्यानंतर त्यावर चुन्याची सफेदी द्यावी. ताजी सफेदी उन्हाचा मोठा भाग परत फेकते. ही सफेदी स्लॅबवर व पत्र्यावरही तितकीच उपयोगी आहे. एवढ्या कमी खर्चात एवढा गारवा देणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. दरवर्षी फाल्गुनात ती पुन्हा द्यावी.

सवणे बुजवू नयेत. धूर व उष्ण हवा वर जाण्यास आणि उजेड येण्यास ती असतात. पावसात त्यावर गाडगे पालथे घालण्याऐवजी चारी बाजूंनी वारा खेळेल असा काचेचा किंवा पारदर्शक पत्र्याचा लहानसा टोप बसवावा.

भिंती

भिंतींच्या बाबतीत प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. पदवी घेऊन आल्यावर आमच्या घरच्या दगड-मातीच्या भिंतीस मी आग्रहाने सिमेंटचा गिलावा करविला. वडिलांची इच्छा नव्हती. घर नवे दिसू लागले. दोन पावसाळ्यांनी जोत्याजवळ गिलावा पोकळ वाजू लागला, पुढे त्याचे पापुद्रे पडले व त्यांबरोबर आतला चिखलही आला. पायातून वर चढणारी ओल पूर्वी भिंतीतून बाहेर सुकत असे. सिमेंटने तिची वाट बंद केली आणि ती आत वळली. भिंतीतील बळदात साठविलेल्या ज्वारीस त्या वर्षी बुरशी लागली. वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षापासून ज्वारी बळदात गेली नाही.

मातीत बांधलेल्या भिंतीस चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा योग्य होय, कारण त्यातून ओल बाहेर पडू शकते. कळीचा चुना विझवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवावा. विझविताना तो उकळतो, म्हणून डोळे व हात जपावेत. एक भाग चुना व अडीच ते तीन भाग स्वच्छ वाळू चांगली मळावी. जुन्या गावांत बैलाने फिरविण्याची चुन्याची दगडी घाणी अद्याप कोठे कोठे पडलेली दिसते. ती चालविण्याचे दिवस गेले असले तरी मळण्यात कसर केली तर चुना धरत नाही, हे तिच्यावरून कळावे. गुळाचे पाणी घालण्याची जुनी रीत आहे. गिलावा आठवडाभर पाणी मारून ओलसर ठेवावा.

भिंत फुगली आहे काय, हे ओळंब्याने पाहावे. दोन तोंडे सुटू लागलेल्या भिंतीस आरपार जोड देण्याची रीत किल्लारीनंतर मराठवाड्यात गवंड्यांना शिकविण्यात आली. साधारण एक मीटर अंतरावर, आडवे व उभे दोन्ही, एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडतात, दोन्ही टोकांस वाकविलेली सळई त्यात घालतात व काँक्रीट भरतात. भोक पाडताना घण मारू नये. पहारेने गोटे हलवून सैल करावेत. एका वेळी शेजारशेजारची दोन भोके उघडी ठेवू नयेत. अशा भिंतींच्या बांधणीचे नियम भारतीय मानक १३८२८ व मातीच्या भिंतींसाठी १३८२७ यांत आहेत. दोन्ही १९९३ ची आहेत. फुगवटा मोठा असेल, किंवा कोपऱ्यात वरून खालपर्यंत तडा असेल, तर हे काम गावपातळीवर करू नये; बांधकाम अभियंत्यास दाखवावे. आणि असे घर दुरुस्त होण्याजोगे नाही असे ठरल्यास ते सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्याने दाखवावे. गारव्याच्या लोभाने कोणास धोक्यात ठेवणे बरोबर नाही.

ज्यांनी पत्रा घातला आहे

त्यांनी पत्रा उतरवून पुन्हा धाबे घालावे असा आग्रह नाही. पत्र्याखाली एक फूट पोकळी सोडून तट्ट्या किंवा तुराट्यांचे आढे बांधावे, त्यास खालून माती-शेणाचा हात द्यावा व पोकळीतील उष्ण हवा जाण्यास दोन्ही टोकांना जाळीची भोके ठेवावीत. गोठ्याच्या पत्र्यावर उसाच्या पाचटाचा सहा इंचांचा थर दोरीने बांधून घातल्यास जनावरांना लगेच आराम पडतो. पाचट आपल्याकडे मुबलक आहे. परंतु विजेच्या उघड्या तारा व चूल जवळ असल्यास हा उपाय करू नये. गोठ्याची उंची वाढविण्याचा खर्च एकदाच येतो व तो वाया जात नाही.

कारागिरांचे शिक्षण

वर्गात फळ्यावर हे काम शिकविता येत नाही. गावातील एखादे खरे, दुरुस्तीस काढलेले घर निवडावे व त्यावरच आठ-दहा दिवसांचे शिक्षण ठेवावे. दहा-बारा जण पुरेत : पाच-सहा गवंडी, दोन-तीन सुतार आणि सारवण-लिंपणाचे काम जाणणाऱ्या तीन-चार भगिनी. या भगिनींना सहसा कोणी कारागीर मानत नाही. माती किती भिजली म्हणजे धरते व किती वाळली म्हणजे दुसरा हात द्यावा, हे मात्र त्यांच्या बोटांना ठाऊक असते. माझ्या पाहण्यात तरुण गवंड्यांनी मातीचा गिलावा शिकला तो अशाच एका आजींकडून, आणि आधी पुष्कळ हसून घेतल्यावर.

जुन्या गवंड्यास व सुतारास शिक्षक म्हणून बोलवावे आणि मानधनाच्या कागदावर त्यांचे नाव शिक्षक म्हणूनच लिहावे. मजूर म्हणून लिहिल्यास ते येतील, पण शिकविणार नाहीत.

पहिला दिवस पाहण्यासाठी द्यावा. एक धाब्याचे, एक पत्र्याचे व एक स्लॅबचे अशी शेजारची तीन घरे घेऊन प्रत्येकात डोक्याइतक्या उंचीवर एकेक तापमापक टांगावा व सकाळी सहा, दुपारी तीन व रात्री नऊ वाजता आकडे लिहून घ्यावेत. शिकणाऱ्यांनी स्वतः लिहावेत. दुसऱ्या गावचा आकडा सांगून जे पटत नाही ते आपल्या गावचा आकडा पाहून पटते, आणि पुढे घरमालकाशी बोलताना हाच कागद कारागिराच्या कामी येतो. त्याच दिवशी घराची मापे घेऊन छपरावरील मातीचा भार काढावयास लावावा. लांबी, रुंदी व जाडी फुटांत मोजून गुणाकार करावा. एक घनफूट चोपलेली माती सुमारे ४५ किलो धरावी. हा हिशेब पहिल्यांदा करणारा गवंडी बहुधा दोनदा करून पाहतो.

पुढील दिवस उतरविणे, लाकूड तपासणे, भिंतीचे जोड, छपराचे थर व गिलावा या क्रमाने जातात. मातीच्या वड्या पहिल्याच दिवशी टाकाव्यात म्हणजे गिलाव्याच्या दिवसापर्यंत त्या वाळून बोलू लागतात. चुना मात्र दोन-तीन आठवडे आधी विझवून ठेवावा लागतो. हे विसरल्यामुळे शिक्षणाच्या दिवशी बाजारातील पोत्याची भुकटी वापरावी लागल्याची उदाहरणे आहेत.

कारागिरास या कामातून रोजगार मिळाला नाही तर शिकलेले टिकत नाही. स्लॅबच्या कामाइतकी रोजंदारी त्यास मिळाली पाहिजे. सामान थोडे लागते, मजुरीच अधिक. म्हणजे घरमालकाचा पैसा बहुतांशी गावातच राहतो, हे ग्रामसभेत समजावून सांगावे. दि. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री, सुतार, लोहार व कुंभार आहेत. तीत पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद ठेवण्यात आली. त्या शिक्षणात धाब्याचे काम शिकवीत नाहीत. तरी ओळखपत्र व अवजारे मिळण्याच्या दृष्टीने आपल्या कारागिरांची नोंद करून देणे हितावह आहे.

आणखी एका बाबीची कल्पना शेतकरी बंधूंना द्यावी. घरकुलाच्या पाहणीत मातीचे छप्पर व मातीची भिंत कच्चे घर म्हणून मोजले जाते आणि प्रधानमंत्री आवास योजनेचे साहाय्य नव्या पक्क्या घरास असते, दुरुस्तीस नव्हे. ज्याचा हक्क आहे त्याने तो जरूर घ्यावा. परंतु जागा असल्यास नवे घर शेजारी बांधून जुने धाबे हलके करून राखावे. बियाणे, धान्य व उन्हाळ्यातील दुपार यांसाठी त्यासारखी जागा दुसरी होणार नाही.

काम पुरे झाल्यावर कारागिराचा संबंध संपत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी त्याने शिडी घेऊन त्या घरी जावे, पन्हाळीतून पाणी मोकळे गेले काय, कोठे डबके राहिले काय व भिंतीच्या माथ्याशी ओल आली काय हे पाहावे, आणि घरात जाऊन कड्यांच्या टोकांवरून हात फिरवावा. ओल लागल्यास त्याच आठवड्यात तेवढाच भाग उघडून प्लॅस्टिकचा सांधा तपासावा. वर आणखी माती टाकून गळती झाकू नये.